छतातला सूर्य

हिंजवडी फेज टूमधल्या आमच्या ऑफिसात सूर्य सकाळी साडेनऊला उगवतो. त्याआधी तो सर्व्हर रूममध्ये असतो. साडेनऊला फॅसिलिटी विभागाच्या संगणकातून हुकूम सुटतो आणि छतातल्या चौकोनी पट्ट्या पिवळट रंगावरून पांढऱ्याकडे सरकायला लागतात. अकराला त्यात निळसर धार येते. जेवणानंतर ती धार आणखी चढते, कारण जेवणानंतर आम्ही उतरतो. चारनंतर प्रकरण मवाळ होतं आणि संध्याकाळी सहाला सगळा मजला केशरी. खऱ्या सूर्याचंही साधारण असंच चालतं, फक्त त्याला वार्षिक देखभालीचं कंत्राट लागत नाही.

योजनेचं उद्घाटन झालं तेव्हा आम्हाला कॅफेटेरियात जमवून समोसे दिले होते. समोसे दिले की आयटीतला माणूस ओळखतो, आता आपल्या कल्याणाचं काहीतरी होणार. सल्लागार बंगळुरूहून आले होते. पहिल्या स्लाइडवर उगवता सूर्य होता, दुसऱ्या स्लाइडवर लॅपटॉपसमोर बसून हसणारी बाई. लॅपटॉपसमोर अशी मोकळी हसणारी बाई मी हिंजवडीत फक्त राजीनाम्याची मेल पाठवताना पाहिली आहे.

"हा नुसता उजेड नाही," सल्लागार म्हणाले, "हा माणसाला केंद्रस्थानी ठेवणारा उजेड आहे."

मागून कोणीतरी विचारलं, "मग आधीचा कोणाला ठेवत होता?"

"टेबलाला."

आम्ही हसलो, पण ते गंभीर होते आणि त्यांचं बरोबर होतं. ऑफिसातला उजेड मोजायची जुनी रीत म्हणजे टेबलावर किती पडतो ते बघायचं. तीनशे ते पाचशे लक्स भरला की काम झालं, सही करा. पण झोप टेबलाला येत नाही. उजेड डोळ्यात किती शिरतो हे महत्त्वाचं, आणि ते मोजायचं कोणाच्या मनातच आलं नव्हतं, कारण डोळा हा बघण्याचा अवयव आहे अशी सगळ्यांची समजूत होती. 2002 साली अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात डेव्हिड बर्सन यांनी उंदरांच्या दृष्टिपटलात अशा पेशी दाखवून दिल्या, ज्यांना स्वतःला उजेड कळतो. त्यांच्यात मेलॅनोप्सिन नावाचं द्रव्य असतं. ते इग्नासियो प्रोव्हेन्सिओ यांना 1998 साली सापडलं होतं, तेही बेडकाच्या कातडीत. या पेशी चित्र बघत बसत नाहीत. डोळ्यात एक हजेरीमास्तर खुर्ची टाकून बसलाय असं समजा. त्याला तुमचा चेहरा, साडीचा काठ, एक्सेलची शीट यातलं काही दिसत नाही. निळसर उजेड, साधारण 480 नॅनोमीटरचा, आला की तो मेंदूला कळवतो, "दिवस आहे, झोपेचं मेलॅटोनिन बंद ठेवा." उजेड गेला की कळवतो, "सोडा आता."

शरीरात घड्याळ असतं हे त्याआधीपासून माहीत होतंच. 1729 साली द मेराँ नावाच्या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने लाजाळूचं रोप अंधारात कोंडून ठेवलं. सूर्य दिसत नसतानाही ते पानं दिवसा उघडायचं, रात्री मिटायचं. या घड्याळाच्या आतली चाकं शोधणाऱ्या तिघा अमेरिकनांना 2017 साली नोबेल मिळालं. थोडक्यात, घड्याळ घरचं, उजेड फक्त ते रोज लावून देतो. लाजाळूला त्या काळी कपाट मिळालं, आम्हाला सेंट्रल एसी असलेला पाचवा मजला मिळाला, एवढीच काय ती प्रगती.

एक गोष्ट मात्र मला अजून पचलेली नाही. या उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात. 2700 केल्विन म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बचा, त्याला म्हणायचं ऊबदार. 6500 केल्विन म्हणजे भर दुपारचा पांढरा-निळा, त्याला म्हणायचं थंड. तापमान चढेल तसा उजेड थंड होतो. ज्या शास्त्रज्ञांनी हे ठरवलं त्यांनी वैशाखात वाकडच्या सिग्नलला थांबून बघायला हवं होतं.

तर समोसे संपले, छत बसलं, पहिला आठवडा बरा गेला. मग कोणाच्या तरी लक्षात आलं की छत पुण्याच्या सूर्याने चालतं आणि मजला न्यू जर्सीच्या.

आमच्याकडे अर्ध्याहून जास्त माणसं अमेरिकेची. म्हणजे माणसं लातूरची, कराडची, जळगावची, पण प्रोजेक्ट अमेरिकेचं. न्यू जर्सीत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा होतात. तिकडे क्लायंट कॉफी घेऊन, ताजातवाना होऊन कॅमेऱ्यासमोर बसला, की इकडे छत केशरी होऊन अंगाईच्या मूडमध्ये आलेलं. मूळ उद्देश सफळ होत होता, मेलॅटोनिन वेळेवर सुटत होतं. एका रिव्ह्यू कॉलमध्ये आमच्या टीम लीडने क्लायंटच्या प्रश्नावर इतका खोल विचार केला की शेवटी शेजारच्याने त्याला कोपराने ढोसलं. क्लायंटने दुसऱ्या दिवशी विचारलं, तुमच्याकडे आग वगैरे लागली होती का, सगळे नारिंगी दिसत होतात.

झालं, एस्कलेशन. फॅसिलिटीवर तिकीट पडलं: "सूर्यास्त लवकर होत आहे. प्राधान्य: उच्च." फॅसिलिटीचे साहेब मूळचे साध्या ट्यूबलाइटच्या जमान्यातले. चोक गेला की चोक बदला, स्टार्टर गेला की स्टार्टर. सूर्यास्त पुढे ढकला अशी तक्रार त्यांच्याकडे पहिल्यांदाच आली. त्यांनी शांतपणे विचारलं, "किती वाजेपर्यंत?" यावर दोन मीटिंगा झाल्या. इंग्लंडच्या टीमचं म्हणणं, आमची शिफ्ट दुपारी दीडला सुरू होते, आमची सकाळ दीडला करा. मधे एक टीम आपल्याच बँकेचं काम करते, ती म्हणाली, आम्हाला खरा सूर्यास्त हवा, आम्ही सातला घरी जातो. मग तोडगा निघाला. दिव्यादिव्याला वेगळा पत्ता देता येतो, त्यामुळे मजल्याची वाटणी झाली. खिडकीकडे अमेरिका, लिफ्टकडे इंग्लंड, मधे भारत. कॉफीचं मशीन भारतात आलं. आता संध्याकाळी सातला आम्ही अमेरिकेच्या कडक सकाळीतून उठतो, मधल्या तिन्हीसांजेत येऊन कॉफी घेतो आणि परत सकाळीत जाऊन बसतो. हात न हलवता जेट लॅग. नोव्हेंबरात अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे जातात, तेव्हा आमच्या खिडकीकडची पहाटही फॅसिलिटीचे साहेब माउसने धरून तासभर पुढे सरकवतात. एवढी सत्ता पुराणात फक्त एकाने वापरली, जयद्रथाच्या वेळी, आणि त्यालाही त्यासाठी सुदर्शन काढावं लागलं होतं.

हे सगळं कमी म्हणून सेन्सर. खोलीत माणूस आहे की नाही हे तो हालचालीवरून ठरवतो. हालचाल नसेल तर माणूस नाही, माणूस नसेल तर दिवा नाही, हिशोब सरळ. तिमाही आढाव्याची मीटिंग होती, चौदा माणसं टेबलाभोवती, समोर स्लाइड क्रमांक बावन्न. अचानक अंधार झाला. सेन्सरने खोली तपासली आणि आत सजीव कोणी नाही असा निष्कर्ष काढला होता. मला तो त्या मीटिंगमधला सगळ्यात अचूक अहवाल वाटला. डिलिव्हरी मॅनेजरनी दोन्ही हात वर करून हलवले, दिवे आले, बोलणारा "तर" म्हणाला आणि पुढे गेला. स्वच्छतागृहात हीच वेळ आली तर काय करतात, हे मी लिहीत नाही. दाराच्या आतल्या बाजूला कोणीतरी चिकटपट्टीने कागद लावला आहे: "अधूनमधून हात हलवावा." एवढंच.

तुम्ही विचाराल, एवढ्या काचेच्या इमारतीत खिडकी नाही का? आहे ना. नखशिखांत खिडकीच आहे. पण काच पश्चिमेची, म्हणून गडद रंगाची. गडद काचेतूनही दुपारी स्क्रीनवर तिरीप येते, म्हणून ब्लाइंड्स खाली. ब्लाइंड्स खाली म्हणून अंधार, अंधार म्हणून दिवे, दिव्यांनी तब्येत बिघडते म्हणून हे नवे दिवे, जे बाहेरच्या उन्हासारखे दिसतात. बाहेर भर उन्हात एक लाख लक्स फुकट सांडलेले असतात, नुसतं आभाळ भरून आलं तरी हजारांत. आत पाचशे झाले की आम्ही प्रेस नोट काढतो. शिवाय हे छत घड्याळ लावून देतं, हाडांचं काही करत नाही. ड जीवनसत्त्व करायला लागणारे किरण काचेतून येत नाहीत आणि दिव्यातून सोडत नाहीत. दर वर्षी ऑफिसात आरोग्य शिबिर होतं, रिपोर्ट येतात आणि कॅफेटेरियात लोक एकमेकांना आपापला डी विचारतात. "तुझा किती?" "अकरा." "माझा नऊ." मग आठवड्याला साठ हजारांची एक पुडी दुधातून. सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतलेले औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आज हिंजवडीत नोकरीला असते, तर त्यांनीही दर रविवारी पुडीच फोडली असती.

मिशेल सिफ्र नावाचा फ्रेंच भूवैज्ञानिक 1962 साली घड्याळ न घेता आल्प्समधल्या एका गुहेत उतरला आणि दोन महिने राहिला. 14 सप्टेंबरला त्याला सांगितलं की मुदत संपली, तर त्याच्या हिशोबाने तेव्हा 20 ऑगस्ट होती. जगभर गाजलं. आमच्याकडे माणूस सकाळी सोसायटीच्या बेसमेंटमधून गाडी काढतो, कंपनीच्या बेसमेंटमध्ये लावतो, लिफ्टने वर जातो, रात्री लिफ्टने खाली येतो. त्याला तारीख विचारा, तो तुम्हाला स्प्रिंट क्रमांक सांगेल. आणि वाटेत ऊन मिळतं म्हणाल तर हिंजवडी पुण्याच्या पश्चिमेला आहे. सकाळी आम्ही पश्चिमेला जातो तेव्हा सूर्य पाठीशी, संध्याकाळी पूर्वेला परततो तेव्हाही पाठीशी. आयुष्यभर आमची त्याची भेट मागच्या आरशात होते. तासभर एकाच जागी उभं राहून थोडंफार ऊन काचेतून यायचं, तर त्या रस्त्यावर आता वरून मेट्रोचा मार्ग आला, म्हणजे सावलीही कायमची. चैत्रात म्हातोबाचं बगाड निघतं तेव्हा हिंजवडी आणि वाकड ही गावं दिवसभर उन्हात असतात. आयटी पार्क तेव्हाही आत असतं, आणि गर्दी कशाची म्हणून मॅपवर लाल रेघ बघत असतं.

ऑफिसातलं बघून यजमानांनी घरीही असे बल्ब आणले. वाकडचा फ्लॅट, दोन बेडरूम, नऊ बल्ब, एक ॲप. त्यात सकाळचा कार्यक्रम, वाचनाचा कार्यक्रम, झोपेचा कार्यक्रम. फक्त एक गोष्ट त्यात धरलेली नव्हती: माझे सासरे. ते पिंपरीच्या एका कंपनीत मशिन शॉपला होते, आणि खोलीतून बाहेर पडताना भिंतीवरचं बटण बंद करणं हे त्यांच्या हाताला आयुष्यभराचं वळण. बटण बंद झालं की बल्बला वीज नाही, वीज नाही की वायफाय नाही, आणि यजमान सोफ्यावरून ॲपला विनवतायत. शेवटी त्यांनी बटणावर चिकटपट्टी लावली.

"माझ्याच घरात बटणाला पट्टी?" बाबा म्हणाले.

"अहो बाबा, तो बल्ब हुशार आहे, त्याचं तो बघतो."

"मग बिलही त्यालाच भरू दे."

त्याच आठवड्यात रात्री लाईट गेली आणि पहाटे तीनच्या सुमाराला आली. या बल्बांची रीत अशी की वीज परत आली की त्यांना आधीचं काही आठवत नाही, ते सगळे एकदम पूर्ण पांढरे पेटतात. आम्ही उशीत डोकं खुपसून मोबाइल शोधत होतो, बाबा मात्र उठून अंघोळीला गेले. पावणेचारला पूजा आटोपून त्यांनी विचारलं, आज पेपर कसा आला नाही.

पण या विषयात घरात खरा अधिकार त्यांचाच. मी एकदा त्यांना आमच्या छताचं कौतुक सांगत होते, आरोग्याला पोषक प्रकाश वगैरे. ते म्हणाले, "आमच्याकडेही होता. त्याला आम्ही बोटं राहणं म्हणायचो." मग त्यांनी समजावलं. आपली वीज पन्नास हर्ट्झची, त्यामुळे जुनी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा फडफडते, डोळ्याला ते कळत नाही. पण लेथचा चक नेमका त्या तालात फिरत असेल तर ट्यूबखाली तो थांबल्यासारखा दिसतो. नवं पोरगं हात घालतं. म्हणून जाणता इलेक्ट्रिशियन शेजारशेजारच्या ट्यूबा वेगवेगळ्या फेजवर जोडायचा, एकीचा उजेड पडतो तेव्हा दुसरीचा चढतो आणि चक फिरताना दिसतो. नाही तर मशिनवर साधा पिवळा बल्ब. "शेडला वर मर्क्युरी होते," ते म्हणाले. "लाईट जाऊन आली की त्यांना तापायला पाच मिनिटं लागायची, आम्हाला दहा."

थर्ड शिफ्टबद्दल ते एवढ्या मजेने बोलत नाहीत. रात्रभर मशिनवर उभं राहून सकाळी सुटायचं आणि सायकलवर समोरून उगवता सूर्य डोळ्यात घ्यायचा, म्हणजे झोपायच्या वेळी शरीराला बजावून सांगायचं की दिवस झाला. घरी खिडकीला गोधडी टांगायची, पोरांना दम द्यायचा, तरी चार तासांच्या वर डोळा लागायचा नाही. पुढच्या आठवड्यात फर्स्ट शिफ्ट. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2007 साली रात्रपाळी बहुधा कर्करोगाला कारण होते अशा गोष्टींच्या यादीत घातली आणि 2019 साली पुन्हा तपासून तिथेच ठेवली. चाकणला आजही रात्री दोनला शेड उजळलेल्या असतात आणि बसेस रांगेत उभ्या असतात. तिथे कोणी समोसे देऊन छत बदललेलं मी ऐकलेलं नाही. आमच्याकडे बदललं, कारण आम्ही सोडून जाऊ शकतो.

2022 साली या विषयातल्या शास्त्रज्ञांनी मिळून सामान्य माणसासाठी आकडे दिले. दिवसा डोळ्यापाशी त्यांच्या मापाने किमान अडीचशे, झोपायच्या आधीचे तीन तास दहाच्या आत, झोपेत एकाच्या आत. अडीचशेचं छत बघेल, एकाचं पडदे बघतील. मधले तीन तास मात्र आमचे वाकडच्या पुलावर जातात. समोरून पांढऱ्याशुभ्र एलईडी दिव्यांच्या गाड्या, सगळे अप्परवर, मागून तेवढ्याच आरशात. डोळ्यातला मास्तर बिचारा रात्री दहाला दुपारची हजेरी मांडत असतो. घरी पोचल्यावर त्या मास्तराला झोपवायला आम्ही मोबाइलवर झोप कशी सुधारावी याचे व्हिडिओ बघतो.

खरा उजेड हिंजवडीत कुठे मिळतो ते सगळ्यांना माहीत आहे: गेटबाहेरच्या टपरीवर. अकराला आणि चारला अख्खा मजला तिथे असतो, कटिंग हातात, तोंड आभाळाकडे. माझ्या एका सहकाऱ्याने मोबाइलच्या ॲपवर तिथला आकडा काढून फॅसिलिटीला पाठवला. हेतू असा की टपरीचा वेळ आरोग्यात धरावा. एचआरने प्रस्तावाचं स्वागत केलं आणि महिनाभरात मेल आली: गच्चीवर "नॅचरल लाइट ब्रेक", पंधरा मिनिटं, पोर्टलवर स्लॉट बुक करावा, व्यवस्थापकाची मंजुरी आवश्यक. ढग आल्यास स्लॉट पुढच्या तिमाहीत वापरता येईल. मेल जूनमध्ये आली, त्यामुळे पहिली तिमाही मुळशीच्या पावसाने वाहून गेली आणि माझा नंबर ऑक्टोबरात लागला.

गच्चीवर सिक्युरिटीचे दादा होते, हातात वही, डोक्याला टोपी, सावलीला पाण्याची टाकी. सकाळी सातपासून तिथेच. शास्त्राने बघितलं तर अख्ख्या फेज टूमध्ये शरीराचं घड्याळ सगळ्यात चोख लागलेला माणूस. मी नाव लिहिलं, वेळ लिहिली, पूर्वेकडे तोंड करून उभी राहिले. पंधरा मिनिटांनी ते जवळ आले.

"मॅडम, तुमचा टाइम झाला." मग जरा थांबून, "आणि खाली एसीत एखादी ड्युटी निघाली तर साहेबांना माझं नाव सांगा ना. इथे लई ऊन लागतं हो."